बँडची गाडी आणि शेवटचा डबा

निवडणुकीचा हंगाम आला की वर्तमानपत्रांत एक इंग्रजी वाक्प्रचार हमखास डोके वर काढतो – 'जंप ऑन द बँडवॅगन'. अमुक पुढारी तमुक पक्षाच्या बँडवॅगनवर चढले, असे आपण वाचतो, अर्थ अंदाजाने लावतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. आज या एका वाक्प्रचारापाशी थोडे थांबू या. तो रशियन माणसाला समजावून सांगायचा झाला तर काय होईल, हे पाहू. दुसऱ्याला समजावताना आपल्यालाही तो कितपत कळला आहे, याची परीक्षा होते.

रशियनच का, असे कुणी विचारील. गोंदियाहून हावड्याच्या दिशेने गाडीत बसलात की डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई लागते. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला. १९५५ साली करार झाला आणि १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. रशियन इंजिनिअर तिथे सहकुटुंब राहत होते. दुभाषे एका कानाने रशियन ऐकत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत नाहीतर हिंदीत सांगत. आज गोष्ट उलटी आहे. आपल्याकडची मुलेच डॉक्टर व्हायला रशियात जातात. अभ्यास बहुधा इंग्रजीतून, पण दवाखान्यात खाटेवरच्या म्हातारीशी बोलायचे ते रशियनमध्ये. डोक्यात मराठी, हातात इंग्रजी पुस्तक आणि समोर रशियन माणूस, असा हा तिहेरी प्रवास आहे. माझ्या पिढीने रशिया पाहिला तो मॉस्कोच्या 'प्रगती' आणि 'रादुगा' प्रकाशनांच्या स्वस्त, सुबक मराठी पुस्तकांतून. त्या पुस्तकांनी लावलेली शब्द चाळण्याची खोड अजून सुटलेली नाही.

आधी मूळ गाडीकडे जाऊ. बँडवॅगन म्हणजे बँडची घोडागाडी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्कस गावात आली की मिरवणूक निघे. सर्वांत पुढे एक उंच, रंगवलेली, नक्षीकाम केलेली गाडी असे आणि तिच्यावर वाजंत्री बसलेली असत. सर्कशीचा प्रख्यात मालक पी. टी. बार्नम याच्या १८५५ सालच्या आत्मचरित्रात हा शब्द सापडतो. पुढे राजकारणी लोकांनी ही युक्ती उचलली. बँड वाजला की लोक जमतात, मग प्रचारालाही बँडची गाडी हवी. ज्याची गाडी मोठी आणि बँड जोरात, तो निवडून येणार असे वाटू लागे, आणि गावातले शहाणे लोक त्या गाडीवर उमेदवाराशेजारी जागा पटकावू लागत. एकोणिसावे शतक संपता संपता खरी गाडी मागे पडली आणि वाक्प्रचार उरला. थिओडोर रूझवेल्ट यांच्या १८९९ सालच्या पत्रात तो आजच्याच अर्थाने आलेला आहे.

या चित्रात तीन गोष्टी आहेत. पहिली, गाडी आधीच चालू आहे. चढणारा उशिरा आलेला आहे. दुसरी, गाडीवर वाद्ये वाजताहेत, म्हणजे ओढ आहे ती गाजावाजाची. तिसरी गोष्ट महत्त्वाची. गाडी घोडे ओढताहेत, वर चढणारा काहीच ओढत नाही. म्हणून या वाक्प्रचारात एक टोमणा आहे. 'सामील झाला' एवढाच त्याचा अर्थ नाही. 'जिंकणाऱ्याचा जोर पाहून, फुकटात सामील झाला' असा पुरा अर्थ आहे.

आता हे रशियन माणसाला सांगा. गंमत इथेच सुरू होते. रशियन भाषेत 'वागोन' असा शब्द आहेच. इंग्रजी 'वॅगन' आणि रशियन 'वागोन' हे एकाच कुळातले, पण रशियन वागोन म्हणजे आगगाडीचा डबा. त्याच्या डोळ्यांपुढे घोडागाडी येतच नाही, रेल्वे येते. त्यात रशियनमध्ये एक वाक्प्रचार तयारच आहे – 'शेवटच्या डब्यात उडी मारून चढणे'. शब्दांवरून वाटते, सापडला जुळा भाऊ! तीच उडी, तीच चालती गाडी. पण अर्थ पाहा. संधी हातची जाणार होती, शेवटच्या क्षणी कशीबशी साधली, असा तो अर्थ आहे. परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी खिडकी बंद होता होता भरला, तर रशियन माणूस म्हणेल, शेवटच्या डब्यात चढलो. त्यात टोमणा नाही, सुटकेचा निःश्वास आहे.

हा फरक गोंदियाच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हे जंक्शनचे गाव. गाडी हलली आहे, एक जण पिशवी सावरत धावतो आहे, आतल्या कुणी हात दिला, तो चढला. त्याला कुणी संधिसाधू म्हणतो का? उलट दोघे-तिघे सरकून त्याला जागा देतात. त्याला जायचे तिथेच जायचे होते, फक्त उशीर झाला. बँडच्या गाडीवर चढणाऱ्याला मात्र कुठे जायचे आहे याच्याशी कर्तव्यच नसते. गाडी कोणती हे तो बँडच्या आवाजावरून ठरवतो. उडी दोघांचीही सारखीच दिसते, मनातला हेतू निराळा असतो. भाषांतर उडीचे केले तर अर्थ निसटतो, ते हेतूचे करावे लागते.

मग हेतू पकडणारे रशियन शब्द कोणते? एक आहे 'नाक वाऱ्याच्या दिशेला धरणे'. रशियनमध्ये नाकाला 'नोस' म्हणतात. आपल्या नासिकेचा हा लांबचा भाऊच. शिकारी कुत्रा जसा नाक वर करून वास घेतो, तसा वारा कुणाच्या बाजूने आहे हे हुंगत राहणारा माणूस. आपल्याकडे 'वारा येईल तशी पाठ फिरवणे' म्हणतात. त्यांचे नाक वाऱ्याकडे, आपली पाठ वाऱ्याला, पण माणूस तोच. दुसरा शब्द आहे 'प्रिमाझात्सा'. याच्या पोटात 'माखणे, फासणे' असा धातू आहे. यशस्वी माणसाला लोण्यासारखे स्वतःला माखून घ्यायचे, चिकटून राहायचे. हा बोलीतला, तिरस्काराचा शब्द आहे आणि बँडवॅगनचा टोमणा त्यात बराचसा उतरतो. गाडी गेली, बँड गेला, पण फुकटेपणा शिल्लक राहिला. भाषांतरात एवढे हाती लागले तरी समाधान मानावे.

तिसरा शब्द सर्वांत मजेदार. दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवणाऱ्या होयबाला रशियन भाषेत 'पदपेवाला' म्हणतात. आपल्या कानाला तो पद गाणारा 'वाला' वाटतो, पण हा निव्वळ योगायोग. मुळात तो 'खालच्या सुरात साथीला गाणारा' असा शब्द आहे. आणि इथे आपला मराठी माणूस एकदम ओळखीचे हसतो. कारण आपल्याकडे झीलकरी आहे. शाहीर डफावर थाप मारून पोवाडा म्हणतो आणि मागे उभे असलेले झीलकरी शेवटचे शब्द उचलतात, 'जी जी' करतात. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडारी होतात, खडी गंमत रंगते. तिथेही एकाने उचलायचे आणि बाकीच्यांनी ओढायचे ही रीत. यातूनच 'री ओढणे' हा शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यात रुळला. अमेरिकेत बँड, रशियात साथीचा सूर, महाराष्ट्रात री. दुसऱ्याच्या मागे जाणाऱ्या माणसासाठी तिन्ही भाषांनी संगीताकडेच धाव घेतली आहे. मग रशियन माणसाला गाडीची गोष्ट सांगत बसण्यापेक्षा वाजंत्र्यांकडून सुरुवात केली तर तो लवकर समजेल.

पण झीलकऱ्यावर अन्याय नको. साथीला गाणारा प्रत्येक जण होयबा नसतो. झीलकरी नसेल तर शाहिराचा दम संपतो. १९४४ साली लाल बावटा कलापथक निघाले. त्यात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर होते. यातले अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णा भाऊंनी पोवाडा लिहिला. पुढे १९६१ साली ते स्वतः रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यांनी लिहिले. हे तिघे एकमेकांना साथ करत, तेव्हा कोण कुणाची री ओढत होते? कुणीच नाही. ओझे तिघेही ओढत होते. म्हणजे सूर मिसळणे वेगळे आणि री ओढणे वेगळे. हा भेद मराठीने दोन शब्दप्रयोगांत जपला आहे.

सामील होण्याच्या शब्दांत केवढी ताकद असते, याचे एक उदाहरण रशियाच्याच इतिहासात आहे. १९५७ साली क्रुश्चोव यांना हटवण्याचा प्रयत्न पक्षातल्या बड्या मंडळींनी केला. तो फसला. मग अधिकृत भाषेत या गटाचे नाव असे घेतले जाऊ लागले – मालेन्कोव, कागानोविच, मोलोतोव 'आणि त्यांना जाऊन मिळालेला शेपिलोव'. द्मित्री शेपिलोव हे 'प्रावदा'चे संपादक होते, परराष्ट्रमंत्री होते. पण सभांतून, वर्तमानपत्रांतून ते शब्द इतक्या वेळा म्हटले गेले, की 'आणि त्यांना जाऊन मिळालेला' हेच जणू त्यांचे आडनाव झाले. लोकांनी त्याचे विनोद केले. अजूनही, कुणी आगंतुकपणे चौकडीत येऊन बसला की जुन्या पिढीतला रशियन माणूस हसत तेच शब्द उच्चारतो. शेपिलोव यांची पदे गेली, पक्षाचे सभासदत्व गेले, पुढे कितीतरी वर्षे त्यांनी अभिलेखागारात नोकरी केली. १९७६ साली पक्षाने त्यांना परत घेतले, पण ते शब्द काही परत घेतले गेले नाहीत.

यातले मूळ रशियन क्रियापद आहे 'प्रिम्क्नूत्'. बंदुकीला संगीन बसवण्यालाही तेच क्रियापद वापरतात. सामील होण्यात तिथे संगिनीचा खटका ऐकू येतो. मराठीत मी मुद्दाम 'जाऊन मिळणे' म्हटले. आपल्या बखरींच्या आणि इतिहासाच्या भाषेत अमका सरदार शत्रूला 'जाऊन मिळाला' म्हणतात, तेव्हा त्यातही असाच खटका असतो. पण वैनगंगा जाऊन मिळते तेव्हा तोच शब्द शांत असतो. माणूस मिळाला की संशय, नदी मिळाली की संगम!

आता सामील होण्याची दुसरी, उजळ बाजू पाहू. शेतात एकमेकांच्या मदतीची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. कुठे तिला सावड म्हणतात, कुठे वारंगुळा, आणि सगळ्यांनी मिळून एकाचे शेत नांगरून द्यायचे व त्याने जेवण घालायचे त्याला इर्जिक. आज माझ्या बांधावर तू, उद्या तुझ्या बांधावर मी. आमच्या धानाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायकांची रांग पाहावी. मध्येच एखादी येऊन रांगेत शिरते, तिला कुणी बँडवॅगनवाली म्हणत नाही. कारण ती येते ती चिखलात येते. तिच्यासाठी मराठीत 'हातभार लावणे' आहे. भार हा शब्द त्यात आहे, हे लक्षात घ्या. रशियन म्हण सांगते, जगाने एकेक दोरा दिला की उघड्याला सदरा होतो. आपण म्हणतो, गाव करी ते राव न करी. आणखी एक रशियन बोल आहे, 'नाशेवो पल्कू प्रिबिलो' – आमच्या पलटणीत भर पडली. नवा माणूस आला की आनंदाने म्हणायचे. त्यात टोमणा नाही, तिरस्कार नाही. इंग्रजीतल्या कुणी 'मलाही धरा' म्हटले की रशियन उत्तर हे.

मात्र या उजळ बाजूलाही एक काळी किनार आहे, आणि तिच्यासाठी रशियन भाषेने अफलातून शब्द घडवला आहे. १९१९ साली मॉस्कोच्या एका रेल्वे डेपोतल्या कामगारांनी शनिवारी रात्री विनामोबदला इंजिने दुरुस्त केली. यातून 'सुब्बोत्निक' म्हणजे शनिवारचे श्रमदान सुरू झाले. १९२० साली खुद्द लेनिन क्रेमलिनच्या आवारात ओंडके उचलायला गेले. पुढे हे श्रमदान ठराविक झाले. न जाणाऱ्याची नोंद होऊ लागली. मग लोक म्हणू लागले, आम्ही जातो 'दब्रवोल्ना-प्रिनुदीतेल्ना', म्हणजे स्वेच्छेने-सक्तीने. दोन उलट शब्द एका दाव्याला बांधले. आपल्या कचेऱ्यांत, शाळांत साहेबांच्या कार्यक्रमाला 'ऐच्छिक' वर्गणी गोळा होते, तेव्हा या शब्दासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही.

बँडवॅगनचा अर्थ राजकारणापुरता राहिला नाही. १९५० साली अर्थशास्त्रज्ञ हार्वे लाइबेनस्टाइन यांनी ग्राहकांच्या मागणीवर लिहिताना 'बँडवॅगन परिणाम' मांडला. इतर घेतात म्हणून मीही घेतो, हे त्याचे सार. मतदानातही असे होऊ शकते, ही भीती जगभर आहे. कोण जिंकतो आहे हे आधी कळले तर काठावरचा मतदार तिकडेच झुकेल. आपल्याकडे २००९ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेवटच्या टप्प्याचे मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल जाहीर करायला मनाई झाली. मतदाराने आपले मत आपल्या डोक्याने द्यावे, बँड ऐकून देऊ नये, अशी ही काळजी. मराठीत याला 'उगवत्या सूर्याला नमस्कार' म्हणतात. तो नमस्कार कोणी कुणाला शिकवावा लागत नाही, म्हणून कायदा करावा लागतो.

आता जरा नाजूक प्रश्नाकडे येतो. सामील होणाऱ्याकडे आपण दोन प्रकारे पाहतो. तो बाहेरचा आत आला, की तो आतलाच होता? मराठीला हा प्रश्न एका शब्दात विचारता येतो. आपल्याकडे 'आम्ही' आहे आणि 'आपण' आहे. 'आम्ही जेवायला जातो' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण जेवायला जाऊ' म्हटले की त्याचे ताट मांडले गेले. इंग्रजीत दोन्हीसाठी एकच 'वुई'. रशियनमध्येही शब्द एकच, म्हणून तिथे 'तुझ्यासकट आम्ही' अशी जोड देऊन 'तू आणि मी' सांगावे लागते. गोंदिया-नागपूरकडच्या आमच्या बाजारी हिंदीनेही हा भेद जपला आहे. 'हम' वेगळे, 'अपन' वेगळे.

हे मी व्याकरणासाठी सांगत नाही. कविसंमेलन संपल्यावर कुणी प्रेमाने पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, 'वा, तुम्ही आमच्या मराठीत किती छान लिहिता!' त्याचे प्रेम खरे असते. पण 'आपल्या' ऐवजी 'आमच्या' आले की मी एका क्षणात शेवटच्या डब्यात चढलेला प्रवासी होतो. हिंदीत तर परक्या लग्नात नाचणाऱ्याला नावच अब्दुल्ला दिलेले आहे! मी ही म्हण ऐकून हसतो. फक्त मनात येते, हे लग्न परके कधी झाले? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हा ते कुणाच्या गाडीवर चढले नव्हते. ते गाडी ओढणाऱ्यांत होते. राजनांदगावच्या कॉलेजात शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले. ते हिंदीतले मोठे कवी झाले, त्यांचे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी झाले. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांत राहिले. भाषेत माणूस राहतो तो राबून राहतो. तिथे आधी कोण आला, याची पावती कुणी मागू नये.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही भाषेतला सामील होण्याचा वाक्प्रचार समोर आला, तर शब्दकोश उघडण्याआधी तीन प्रश्न विचारा. गाडी आधीच चालू होती का? चढणारा बँड ऐकून आला, की त्याला तिकडेच जायचे होते? आणि चढल्यावर त्याने काही ओढले का? उत्तरे मिळाली की भाषांतर आपोआप सुचते. ओढले नसेल तर 'प्रिमाझात्सा' आणि 'वाहत्या गंगेत हात धुणे'. तिकडेच जायचे असून फक्त उशीर झाला असेल तर शेवटचा डबा. खांदा दिला असेल तर पलटणीत भर पडली आणि हातभार लागला.

जाता जाता एक शब्द सांगतो. या सगळ्या भाषणात मी किती वेळा 'सामील' म्हटले, ते मोजले नाही. हा शब्द मूळ अरबी 'शामिल'. 'सगळ्यांना कवेत घेणारा' असा तिथे त्याचा अर्थ. फारसीतून, हिंदुस्थानीतून फिरत तो आपल्याकडे आला, 'श'चा 'स' झाला, आणि आज शेतावरची निरक्षर आजीसुद्धा तो बोलते. मराठीत सामील व्हायचे असेल तर ज्या शब्दाने व्हायचे, तो शब्दही असाच कधीतरी बाहेरून येऊन सामील झाला. पुढे त्याने एवढी वर्षे ओझे वाहिले, की आता तो आपल्यातला नाही असे म्हणायला कुणाची जीभ वळत नाही.